लोहाराच्या घरचं थोरलं पिंप

एव्गेन पेर्तोतचं नाक गेलं ते जानेवारीत, तापाच्या नवव्या दिवशी. ताप उतरला, खोकला गेला, पायांत थोडी ताकद आली. त्या सकाळी त्याने स्वतःच शेगडीवर कॉफी चढवली आणि खुर्ची ओढून खिडकीतून समुद्राकडे बघत बसला. कॉफी उतू गेली, करपली, भांड्याचं बूड काळं पडलं, तरी त्याला पत्ता नाही. शेवटी त्याची बायको लाव्रा अंघोळ अर्धी टाकून ओल्या केसांनी धावत आली.

"झोपलास की काय रे?"

"जागा आहे की."

"जागा आहेस आणि हाताच्या अंतरावर कॉफी जळतेय? जिन्यावरच्या बाईंना वास गेला, तुला नाही?"

एव्गेनने ते भांडं फडक्याने उचललं आणि नाकाशी धरलं. खिडकीच्या काचेला नाक लावावं तसं झालं. गरम लागलं, बाकी काही नाही. मग त्याने डब्यातली ताजी पूड हुंगली, साबण हुंगला, फळीवरची लसणाची माळ हुंगली. लाव्रा दारात उभी राहून बघत होती. केसांतून पाणी ठिबकत होतं.

"काहीच येत नाहीये गं," तो म्हणाला.

दुसऱ्या कुणाच्या बाबतीत हे झालं असतं तर लोकांनी चुकचुकून विषय बदलला असता. पण एव्गेनचं सगळं आयुष्य त्या नाकावर उभं होतं. त्रिएस्तेच्या बंदरात कॉफीच्या गोदामात त्याने चाळीस वर्षं काढली होती. जहाजातून पोती उतरली की पोत्यात लोखंडी नळी खुपसून मूठभर हिरवे दाणे काढायचे, तळहातावर श्वास सोडायचा, हुंगायचं आणि सांगायचं, हे पोतं वाटेत भिजलंय, हे कातड्यांच्या गठ्ठ्यांशेजारी ठेवलं होतं, हे चांगलं आहे. मोठमोठे व्यापारी हॅट हातात धरून त्याच्या तोंडाकडे बघत उभे राहत. निवृत्त झाल्यावर कॉफी सुटली, पण नाक होतंच. मग दर शुक्रवारी तो आणि त्याचा मित्र पेपी बस पकडून वर क्रासच्या पठारावर जाऊ लागले. चौकातल्या खांबावर लाकडी बाण आणि बाणावर हिरव्या वेलीची जुडी टांगलेली दिसली, की उतरायचं आणि बाण दाखवेल त्या गावात जायचं. कुणाच्या तरी अंगणात ओस्मित्सा उघडलेली असे. घरची वाइन, त्यातही तेरान नावाची इथली आंबटसर लाल, घरचं हॅम, उकडलेली अंडी, चीज, वर्षातले आठ-दहा दिवस. मग जुडी काढायची, दार लावायचं आणि घरच्यांनी पुन्हा मळ्याच्या कामाला लागायचं.

लिपनिक गावात एक घर होतं, त्याला सगळे लोहाराचं घर म्हणत. तीन पिढ्यांत त्या घरात कुणी हातोडा धरला नव्हता, पण नाव चिकटलं ते चिकटलंच. तिथला मालक स्रेच्को एव्गेनचा दोस्त झाला. एका वर्षी एव्गेन त्याच्या तळघराच्या दारातच थबकला होता आणि म्हणाला होता, "स्रेच्को, त्या कोपऱ्यातल्या पिंपाला बुरशी धरतेय." स्रेच्को हसला. आठवड्याने पिंप उघडलं तर खरंच बुरशी. त्यानंतर दर वसंतात ओस्मित्सा उघडण्याआधी स्रेच्कोचा फोन ठरलेला. एव्गेनने दोन्ही पिंपांची वाइन चाखायची आणि सांगायचं, आधी कुठलं फोडायचं. बघता बघता गावातल्या इतर घरांतूनही बोलावणी येऊ लागली. अंगणात बसलेले लोक पेला उचलताना एकमेकांना सांगत, "पेर्तोतने निवडलंय." तेवढं पुरे असे.

स्रेच्कोला जाऊन आता तीन वर्षं होत आली होती. त्याच्यामागे ओस्मित्सा बंद पडली. मुलगी नाद्या खाली शहरात टपाल कचेरीत कामाला. सकाळी पत्रं वेगळी करायची आणि दुपारी वर जाऊन मळा. पहिली दोन वर्षं तिने द्राक्षं विकून टाकली. तिसऱ्या वर्षी कुणाला काही न सांगता स्वतः वाइन केली. आणि मार्चअखेरीला एव्गेनच्या घरी फोन वाजला.

"एव्गेनकाका, मी नाद्या. लोहाराची."

"बोल गं पोरी. काय म्हणतेस?"

"ईस्टर झाला की पुढच्या शुक्रवारी जुडी टांगतेय." एवढं बोलून ती जरा थांबली. "दोन पिंपं आहेत तेरानची. एक बाबांचं थोरलं आणि एक धाकटं. तुम्ही याल ना निवडायला? बाबा असते तर त्यांनीच फोन केला असता."

एव्गेनच्या तोंडून "येतो की" निघून गेलं. फोन ठेवल्यावर त्याने मान वळवली तर लाव्रा भाजी चिरायची थांबली होती.

"सांगितलं नाहीस तिला."

"फोनवर काय सांगायचं असलं?"

"मग वर जाऊन सांग. सरळ सांग, पोरी, माझं नाक गेलंय, तुझं तू बघ."

"डॉक्टर म्हणालेत, येईल परत."

"येईलही म्हणालेत आणि येणारही नाही म्हणालेत. मी शेजारी बसले होते." लाव्राने सुरी पुन्हा हातात घेतली. "नाक गेलंय एव्गेन, तू नाही गेलास."

"माझ्याजवळ दुसरं आहे काय लोकांना द्यायला?" तो म्हणाला आणि लगेच त्याला स्वतःचीच लाज वाटली. लाव्राने गाजर जरा जास्तच जोरात चिरलं.

मंगळवारी तो एकटाच बसने वर गेला. त्याने ठरवलं होतं की अंगणात पाय ठेवल्याबरोबर सांगून टाकायचं. पण नाद्या फाटकातच उभी होती. बापाचा निळा कामाचा डगला तिच्या अंगात होता, बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या. तिने त्याचे दोन्ही हात धरले. तिचे हात पूर्वी टपाल खात्यातल्या बाईचे होते, आता खडबडीत झाले होते, नखांच्या कडांना वाइनचा जांभळा रंग बसला होता.

"तीन वर्षं वाट बघत होते मी या दिवसाची," ती म्हणाली.

सांगायचं ते तसंच ठेवून तो तिच्यामागून तळघराकडे गेला.

तळघर खडकात खोदलेलं. पायऱ्या उतरताना थंडी कळली, भिंतीची ओल हाताला कळली. पूर्वी सातव्या पायरीवरच त्याला आतलं सगळं कळायचं. आज सातवी पायरी आली, गेली. दाराशी स्रेच्कोचं थोरलं पिंप, भिंतीजवळ धाकटं. नाद्याने काचेची लांब नळी थोरल्या पिंपात सोडली, वरचं तोंड अंगठ्याने दाबलं आणि दोन पेल्यांत वाइन सोडली.

एव्गेनने पेला दिव्याकडे धरला. रंग सुरेख होता, गडद जांभळा, काठाला फेसाची बारीक कड. त्याने पेला फिरवला, सवयीने डोळे मिटले, सवयीनेच नाक आत घातलं. मग चाखली. आंबट. पण तेरान आंबटच असते. जिभेच्या कडा आवळल्या, तेही नेहमीचंच. मग धाकट्या पिंपातली. ती रंगाला जरा फिकी, आंबटपणा कमी. त्याच्या जिभेला एवढंच कळलं. एखाद्या ओळखीच्या गाण्याचा नुसता ठेका ऐकू यावा आणि चाल येऊच नये, तसं.

"तुला काय वाटतं?" त्याने विचारलं.

"छे छे, मी नाही आधी बोलणार. बाबा म्हणायचे, एव्गेन बोलेपर्यंत तोंड बंद ठेवायचं, नाहीतर आपलं म्हणणं त्याच्या मनात शिरतं."

आता सांगायला हवं होतं. पाण्याचा एक थेंब कुठेतरी दगडावर पडला. नाद्या पेला छातीशी धरून त्याच्याकडे बघत होती, अगदी त्या व्यापाऱ्यांसारखी.

"थोरलं," एव्गेन म्हणाला. "बापाचं पिंप आहे. जोरकस आहे."

नाद्याची पापणी हलली. "नक्की?"

"नक्की."

मग तिने डगल्याच्या खिशातून खडू काढून थोरल्या पिंपावर फुली मारली. "बरं झालं तुम्ही आलात," ती म्हणाली. तिच्या आवाजात काहीतरी होतं. एव्गेनने ते बापाची आठवण म्हणून समजून घेतलं, कारण तसं समजणं त्याला सोयीचं होतं.

शुक्रवार उजाडला तो स्वच्छ. दोन दिवस बुर्या वाऱ्याने झोडपून काढलं होतं, पण त्या दिवशी पान हलत नव्हतं. एव्गेन, लाव्रा आणि पेपी तिघं अकराच्या बसने निघाले. पेपी जन्मभर गवंडीकाम केलेला, बिनलग्नाचा, ओस्मित्सेला जाताना मात्र पांढरा सदरा घालणारा.

"तीन वर्षं झाली लोहाराच्या अंगणात बसून," तो बसमध्ये हात चोळत म्हणाला. "त्या तुतीखालचं बाकडं मीच बसवलंय. माझ्याआधी त्याच्यावर कुणी बसलं असेल तर उठवतो बघ."

बाकड्यावर खरंच कुणी बसलं होतं आणि पेपीने त्यांना उठवलंही, पण लोक ओळखीचेच निघाले आणि सगळे दाटीवाटीने एकत्र बसले. अंगण भरलं होतं. गावातले होते, शहरातून आलेले होते, सायकली भिंतीला टेकवून आलेली चार-पाच तरुण मुलंमुली होती. कोपऱ्यात नव्वदीला टेकलेली तोंच्का आजी भिंतीच्या उन्हात खुर्ची टाकून बसली होती. नाद्या आणि तिची एक मैत्रीण ताटं घेऊन धावत होत्या. हॅमच्या पातळ चकत्या, चीज, अर्धी कापलेली अंडी, किसलेलं झणझणीत मूळ, जाड कवचाचा पाव. आणि मातीच्या सुरयांत तेरान.

पेपीने पेले भरले. "स्रेच्कोच्या नावाने," तो म्हणाला. तिघांनी पेले टेकवले.

पेपीने मोठा घोट घेतला, गिळला आणि पेल्याकडे बघितलं. मग पावाचा तुकडा तोंडात टाकून दुसरा घोट घेतला, या खेपेला लहान.

"काय रे?" एव्गेनने विचारलं.

"काही नाही. यंदाची जरा… तूच निवडलीस ना?"

"हो."

"मग बरोबर असणार. माझीच जीभ बिघडली. सकाळी दातांना ते पुदिन्याचं काहीतरी लावलं मी."

लाव्राने एक घोट घेतला आणि पेला खाली ठेवला. मग नवऱ्याकडे बघितलं.

तेव्हा एव्गेनने मान वर करून अंगण नीट बघितलं. नाक गेलं होतं, पण माणसांचे चेहरे वाचायचीही त्याला चाळीस वर्षांची सवय होती. पेले अर्धे भरलेले होते आणि तसेच राहत होते. शेजारच्या गावचा एक शेतकरी गुपचूप आपल्या पेल्यात सोड्याचं पाणी ओतत होता. सायकलवाल्या मुलांनी सुरई परत देऊन पांढरी वाइन मागवली. मागच्या टेबलावर एक बाई नवऱ्याला हळूच म्हणाली, "नखं रंगवायच्या रंगासारखं नाही लागत?" आणि नवरा म्हणाला, "हळू बोल. पेर्तोतने निवडलीय. आपल्याला काय कळतं?"

हे ऐकून एव्गेनने आपला पेला दूर सारला. वाइन वाईट होती, तेवढं त्याला सोसलं असतं. पण इथे धडधाकट नाकांची चाळीसेक माणसं त्याच्या शब्दापायी स्वतःच्या जिभांवर संशय घेत बसली होती. आणि मधूनमधून दारात नाद्या दिसत होती. भरलेल्या सुरया परत आत नेताना ती कुणाच्याच डोळ्यांत बघत नव्हती.

तो उठला.

"कुठे?" पेपी म्हणाला.

"जाऊ दे त्याला," लाव्रा म्हणाली.

स्वयंपाकघरात नाद्या हॅम कापत होती. खुंटीला लावलेली मांडी एका हाताने धरून दुसऱ्या हाताने लांब पातळ सुरी चालवत होती. त्याला बघून तिने सुरी थांबवली नाही.

"आणखी काही हवं का काका?"

"नाद्या, माझं नाक गेलंय."

सुरी थांबली.

"जानेवारीपासून. तापानंतर. मला काही म्हणजे काहीच वास येत नाही. मंगळवारीही येत नव्हता."

नाद्याने सुरी खाली ठेवली. हात फडक्याला पुसले, एकेक बोट करून.

"तुम्ही नक्की म्हणालात," ती म्हणाली. "मी विचारलं, नक्की? तुम्ही म्हणालात, नक्की."

"हो."

"मला वास आला होता." तिचा आवाज चढला नाही, उलट खाली गेला. "महिनाभर येत होता त्या पिंपाला. शरद ऋतूत कचेरीत जादा पाळ्या लागल्या, मी दोन आठवडे ते काठोकाठ भरून ठेवलं नाही, हवा शिरली. मला माहीत होतं. मला माहीत होतं, काका! म्हणूनच तुम्हाला बोलावलं, की तुम्ही म्हणाल, पोरी, थोरलं सोडून दे. आणि तुम्ही म्हणालात जोरकस. मग रात्रभर मी स्वतःला समजावत बसले, की तुला काय कळतं, तू पत्रं वेगळी करणारी बाई. मी माझ्या नाकाला खोटं पाडलं. तुमच्यासाठी."

माफ कर, हे एव्गेनने म्हटलं, पण ते इतकं लहान होतं की दोघांनाही ऐकू आलं की नाही कोण जाणे.

"आणि मला का नाही सांगितलंत?"

"लाज वाटली."

"लाज!" ती म्हणाली. तिने चुलीवरची रिकामी सुरई उचलली, पुन्हा ठेवली. बाहेर कुणीतरी हसलं, खुर्ची सरकली. नाद्याने नाकाने एक लांब श्वास घेतला आणि ती एकदम कामाच्या सुरात आली. "धाकटं पिंप चांगलं आहे. माझं मला माहीत आहे, चांगलं आहे. मी खाली जाते. तुम्ही बाहेरच्या सगळ्या सुरया गोळा करा आणि मोरीत ओता. आणि त्यांना काय सांगायचं ते तुम्ही सांगा. मी नाही सांगणार."

एव्गेन अंगणात गेला. तुतीच्या बुंध्याशी उभा राहिला. बोलायची त्याला सवय नव्हती, आयुष्यभर तो दोन-तीन शब्दांत निकाल देत आला होता. त्याने पेल्यावर चमचा वाजवला आणि लोक हळूहळू गप्प झाले.

"ऐका जरा," तो म्हणाला. "ही वाइन बिघडलेली आहे. तुम्हाला लागतेय ती चव खरी आहे. मी निवडली, पण माझं नाक जानेवारीतच गेलं, मला वास येत नाही. ते मी कुणाला सांगितलं नाही. नाद्यालाही नाही. तिला ठाऊक होतं की हे पिंप बरं नाही, तिने माझ्यावर विश्वास ठेवला. चूक माझी आहे. चांगली आता येतेय."

अंगणात कुणी हललं नाही. पेपी तोंड उघडं टाकून बघत होता. मग कोपऱ्यातून तोंच्का आजीचा चिरका आवाज आला.

"म्हणजे माझी जीभ शाबूत आहे?"

"आहे आजी."

"अरे मेल्या! मला वाटलं आता आपलं संपलं. मी मघापासून मनातल्या मनात प्रार्थना म्हणतेय!"

पहिल्यांदा सायकलवाली मुलं हसली, मग सगळं अंगण हसलं. सोडा ओतणारा शेतकरी उठून म्हणाला, "मी आपला पोट बिघडलं म्हणून औषध म्हणून पीत होतो!" ज्याला त्याला आता आपल्याला आधीच कसं कळलं होतं ते सांगायचं होतं. एव्गेन टेबलांमधून फिरून सुरया गोळा करू लागला. काही लोकांनी त्याच्या दंडावर थोपटलं, काहींनी नजर टाळली. मागच्या टेबलावरचा तो नवरा सुरई हातात देताना म्हणाला, "इतकी वर्षं तुमच्या नावावर पीत आलो हो आम्ही." त्यात राग होता की दुःख, ते एव्गेनला कळलं नाही. त्याने नुसती मान हलवली.

पेपी मात्र रुसला.

"मला पण नाही सांगितलंस?" तो म्हणाला. "मला? चार महिने शेजारी बसून मी विचारतोय, हे कसं वाटतं, ते कसं वाटतं, आणि तू मान डोलावतोयस!"

"तू निवडलेलंच मी बरं म्हणायचो."

पेपी विचारात पडला. "म्हणजे चार महिने मी निवडत होतो?"

"हो."

"हं," पेपी म्हणाला आणि त्याने सदऱ्याची कॉलर नीट केली.

धाकट्या पिंपातली वाइन आली तेव्हा बोलणं एकदम मंदावलं. लोक पीत होते. तोंच्का आजीने पेला संपवून पुढे केला. सगळ्या अंगणात हसली नाही ती एकटी नाद्या. ती सुरया ठेवत गेली, ताटं उचलत गेली आणि एव्गेनच्या टेबलाजवळून जाताना तिने पावाची टोपली ठेवली, पण शब्द नाही. चारच्या बसला तिघं निघाले तेव्हा एव्गेन फाटकापाशी रेंगाळला. ती आली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी नऊला तो पुन्हा वर आला, एकटाच. नाद्या अंगण झाडत होती.

"काय काम आहे?" तिने झाडू न थांबवता विचारलं.

"तेच विचारायला आलो. काय काम आहे?"

तिने त्याच्याकडे बराच वेळ बघितलं. मग स्वयंपाकघराकडे मान केली. "दीडशे अंडी उकडून ठेवलीयत. सोलायची आहेत. पांढऱ्याला खड्डे पाडू नका, लोकांना ताटात वाईट दिसतं."

त्याने सोलली. पहिली वीस खड्ड्यांची झाली, ती बाजूला ठेवून त्याने स्वतः खाल्ली काही आणि उरलेली, ज्या कोंबड्यांची ती अंडी होती त्यांच्या मालकिणीला, म्हणजे तोंच्का आजीलाच, पाठवून दिली. "माझीच अंडी मला परत?" असा तिचा निरोप आला. दुपारपर्यंत त्याला जमलं. अंडं थंड पाण्यात बुडवायचं, बुडाकडून टिचवायचं, अंगठा पातळ पडद्याखाली घालायचा. रविवारी तो आला, सोमवारी आला. मंगळवारी लाव्राही आली आणि तिने पहिल्या तासातच चीजच्या सुऱ्यांना धार नाही म्हणून सगळ्यांना फैलावर घेतलं. नाद्या लाव्राशी हसून बोलायची. एव्गेनशी कामापुरतं. पाणी आणा. हे टेबल पुसा. पाव संपला. तो आणत होता, पुसत होता.

थोरल्या पिंपाचं काय करायचं हे तिने त्याला विचारलं नाही. एका सकाळी तिने ते स्वतःच ठरवलं. गावातले दोघे आले आणि त्यांनी ती सगळी वाइन मागच्या शेडमधल्या बरण्यांत काढली, व्हिनेगर होऊ देण्यासाठी. रिकामं पिंप अंगणात आणून गरम पाण्याने घासलं. ते घासायला एव्गेनने हात लावला तेव्हा तिने अडवलं नाही.

नवव्या दिवशी, शनिवारी, दुपारची गर्दी ओसरल्यावर तो स्वयंपाकघराच्या पायरीवर अंडी सोलत बसला होता. नाद्या आली आणि दोन पेले घेऊन शेजारी बसली. एक त्याच्या हाताशी ठेवला.

"धाकट्यातली आहे. तुम्ही अजून चाखलीच नाहीत."

"मला काय उपयोग? वाया जाईल."

"प्या हो."

त्याने घोट घेतला. आंबट, जरा तुरट, थंड. 

नाद्याने आपला पेला नाकाशी धरला. बराच वेळ धरून ठेवला. तिने डोळे मिटले नाहीत, समोर भिंतीकडे बघत राहिली.

"पहिल्यांदा आंबट चेरी," ती म्हणाली. "पिकलेली नाही, झाडावरची, अर्धवट लाल. मग… थांबा. मग ओली माती, पण मळ्यातली नाही, तळघरातली, सातव्या पायरीवरची. आणि अगदी शेवटी एक असतं, त्याला काय म्हणतात मला माहीत नाही. आमच्या टपालात जुन्या पाकिटांच्या गठ्ठ्याला येतो तसा. वाईट नाही तो. कोरडा."

एव्गेन हातात अर्धं सोललेलं अंडं धरून ऐकत होता. चाळीस वर्षं त्याने लोकांना वास सांगितले होते, त्याला कुणी कधी सांगितला नव्हता. चेरी म्हटल्यावर त्याला चेरी आठवली, सातवी पायरी म्हटल्यावर ती ओल आठवली. पाकिटांचा वास मात्र त्याच्या ओळखीचा नव्हता. तो नाद्याचा होता.

"पुन्हा सांग ते शेवटचं," तो म्हणाला.

तिने पुन्हा सांगितलं, या वेळी जरा वेगळ्या शब्दांत. मग म्हणाली, "माझा राग अजून गेला नाहीये काका."

"माहीत आहे."

"जाईल बहुतेक."

"जाईल तेव्हा जाईल."

फाटकातून चार-पाच माणसं आत आली, त्यांच्यात गावाच्या खालच्या टोकाचा मळेवाला अन्द्रेय होता. त्याची ओस्मित्सा पुढच्या महिन्यात उघडायची होती. झालेलं त्याच्या कानावर गेलं होतंच. तो एव्गेनसमोर येऊन टोपी मागे-पुढे करत उभा राहिला. दर वर्षीसारखं विचारावं की नाही, हे त्याला कळेना.

"तीन पिंपं आहेत माझ्याकडे," तो शेवटी म्हणाला. "कुणाला दाखवू आता?"

एव्गेनने अंडं ताटलीत ठेवलं, बोटं पुसली आणि शेजारी बसलेल्या नाद्याकडे बघितलं. नाद्याचे कान लाल झाले.

"मंगळवारी मला दुपारनंतर मोकळीक आहे," ती अन्द्रेयला म्हणाली. "पण एक सांगते. मी बोलायच्या आधी तुम्ही बोलायचं. तुमच्या नाकाला काय वाटतं ते आधी."

"माझ्या?" अन्द्रेय म्हणाला. "मला काय कळतंय?"

"तेच बघायला येतेय मी," नाद्या म्हणाली आणि नव्या पाहुण्यांसाठी पाव कापायला आत गेली.